कालिया, रॉबर्ट आणि आम्ही

आमच्या वर्गात एखाद्याला यायला उशीर झाला, की मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, ‘‘अब तेरा क्या होगा, कालिया?’’ वर्ग हसतो. तास घेणारे सरही फळ्याकडे तोंड करून हसतात. उशिरा आलेला मान खाली घालून जागेवर बसतो आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कोणाला तोच प्रश्न विचारायला मोकळा होतो. गेल्या वर्षी हा कालिया बहुतेक वेळा मीच असे. कारण आमच्या गावाहून येणारी एस.टी. पहिल्या तासाची घंटा विचारात घेऊन सुटत नाही.

एकदा मधल्या सुट्टीत मी मित्रांना सहज विचारले, ‘‘कालियाचे काम कोणी केले आहे रे?’’ गब्बर कोण, हे सगळ्यांना ठाऊक होते. जय-वीरूंचे तर विचारायलाच नको. सांभाचे नावही एकाने सांगितले. कालियाचे मात्र कोणाला सांगता येईना. शेवटी एकजण म्हणाला, ‘‘असेल कुणीतरी साइड ॲक्टर.’’ तो ‘कुणीतरी’ माझ्या मनात घर करून राहिला, म्हणून हा लेखनप्रपंच. मी चित्रपटाचा अभ्यासक नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. चित्रपट पाहिले तेही आधी शेजाऱ्यांच्या टी.व्ही.वर दारात बसून, आणि आता मोबाइलवर. तेव्हा काही चुकले तर जाणकारांनी पदरात घ्यावे. मत मात्र माझे स्वतःचे आहे.

तो ‘कुणीतरी’ म्हणजे विजू खोटे. त्यांचा जन्म १७ डिसेंबर १९४१ चा आणि घराणे नटांचे. वडील नंदू खोटे रंगभूमीवरचे व मूकपटांच्या जमान्यातले नट. बहीण शुभा खोटे १९५५ च्या ‘सीमा’पासून हिंदी पडद्यावर आलेल्या, मेहमूद आणि धुमाळ यांच्याबरोबर त्यांचे जे त्रिकूट जमले, ते एकेकाळी विनोदाचे हुकमी पान समजले जाई. आणि चुलती कोण, तर दुर्गा खोटे! १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’तील तारामती, पुढे १९८३ च्या दादासाहेब फाळके पुरस्काराच्या मानकरी. अशा घरातला हा मुलगा नायक झाला नाही. हवालदार, गुंड, नोकर, हॉटेलवाला, कोणाचा तरी मामा आणि कोणाचा तरी काका, अशी कामे त्याने पन्नास वर्षांहून अधिक काळ केली. ३० सप्टेंबर २०१९ रोजी मुंबईत वयाच्या सत्याहत्तराव्या वर्षी ते वारले, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांच्या चित्रपटांची संख्या तीनशेच्या वर सांगितली. मथळ्यात मात्र एकच शब्द होता, कालिया.

तीनशे चित्रपटांतून माणसाची ओळख एका प्रसंगावर येऊन ठेपावी, हा अन्याय म्हणावा की भाग्य, हे मला ठरवता येत नाही. पण तो प्रसंग काय आहे, हे एकदा नीट पाहू या. ‘शोले’ला १५ ऑगस्ट २०२५ रोजी पन्नास वर्षे झाली, त्या निमित्ताने मी तो पुन्हा पाहिला. या वेळी नायकांकडे न पाहता फक्त कालियाकडे पाहायचे, असे ठरवून पाहिला.

कालिया प्रथम दिसतो तो रामगढ गावात. दोन साथीदार घेऊन तो गब्बरसाठी धान्य गोळा करायला आला आहे. गरीब शेतकरी पोती आणून टाकत आहेत आणि हा कोणाचे किती, कोणाचे कमी, हे दरडावून विचारतो आहे. आवाजात मस्ती आहे, पाहण्यात बेफिकिरी आहे. गावकऱ्यांपुढे तोच गब्बर आहे म्हणा ना! मग ठाकूर आडवा येतो, जय आणि वीरू बंदुका रोखतात आणि तिघांना रिकाम्या हातांनी परतावे लागते. यानंतरचा प्रसंग अड्ड्यावरचा, खडकांतला. बंगळूरजवळच्या रामनगरच्या त्या काळ्या दगडांत गब्बर फेऱ्या मारतो आहे आणि हे तिघे ओळीने उभे आहेत. रिव्हॉल्व्हरमध्ये सहा गोळ्या. तीन हवेत उडवल्या, तीन उरल्या. मग चक्र फिरवले, आता कोणाच्या वाट्याला काय, ते कोणालाच ठाऊक नाही. पहिला वाचतो. दुसरा वाचतो. तिसरा उभा आहे तो कालिया, आणि त्याला तो प्रसिद्ध प्रश्न विचारला जातो, जो आमच्या वर्गात उशिरा येणाऱ्याला विचारतात.

कालिया उत्तर देतो, की सरदार, मी तुमचे मीठ खाल्ले आहे.

मित्रहो, हे वाक्य आपण इतक्या वेळा हसत ऐकले आणि हसत म्हटले आहे, की ते विनोदी नाही हे आपल्या लक्षातच राहिलेले नाही. लिहिणाऱ्यांनी, म्हणजे सलीम-जावेद यांनी, ते हसण्यासाठी लिहिलेले नाही आणि विजू खोट्यांनी ते हसवण्यासाठी म्हटलेले नाही. आपल्या आधीचे दोघे वाचले आहेत, म्हणजे आता आपली पाळी नक्की, हे कळलेल्या माणसाचे ते वाक्य आहे. थोड्या वेळापूर्वी गावात गरजणारा आवाज इथे पार बसला आहे. मालकाला आपण आपली सारी चाकरी आठवण करून देत आहोत आणि मालकाला तिची काही किंमत नाही, हे समजूनही तो बोलतो. कारण त्याच्याजवळ बोलण्यासारखे दुसरे काही नाही. पुढे तर त्याहून भयंकर घडते. चाप ओढला जातो आणि कालियाही वाचतो. गब्बर हसू लागतो. मग तिघे भीतभीत हसतात, मग सगळा अड्डा हसतो. हसू वाढत वाढत जाते आणि ते टिपेला पोचलेले असतानाच तिघे मारले जातात.

हसण्यावर इतका कठोर प्रसंग मी दुसरा पाहिलेला नाही. मालक हसला म्हणजे आपण वाचलो, असे समजून चाकर हसतो, आणि तिथेच फसतो.

मग हा कालिया विनोदी झाला केव्हा? माझ्या समजुतीप्रमाणे तो पडद्यावर झाला नाही, लाउडस्पीकरवर झाला. ‘शोले’च्या गाण्यांप्रमाणेच त्यातल्या संवादांचीही तबकडी पॉलिडोर कंपनीने काढली होती आणि ती अमाप खपली. पुढे तिच्या कॅसेटी आल्या. लग्न असो, सत्यनारायण असो की गणपती, मांडवात गाण्यांच्या मध्ये गब्बर आणि कालिया बोलत. माझ्या वडिलांनी लहानपणी ‘शोले’ पाहण्याच्या कितीतरी आधी ऐकला होता. नुसता कान असला की चेहरा दिसत नाही. चेहरा दिसला नाही की भीती दिसत नाही, उरतो तो फक्त ठेका. तो ठेका पोराटोरांच्या तोंडी बसला आणि मरणाच्या दारातला माणूस थट्टेचा विषय झाला. यात विजू खोट्यांचा दोष नाही. हसू आपले आहे.

आता दुसरे वाक्य घेऊ. राजकुमार संतोषींचा ‘अंदाज अपना अपना’ ४ नोव्हेंबर १९९४ ला लागला. त्या वेळी चित्रपटगृहात तो विशेष चालला नाही, मग टी.व्ही.वर पुन्हा पुन्हा दाखवला जाऊन तो घराघरांत पाठ झाला. त्यात विजू खोटे खलनायक तेजाचा हस्तक रॉबर्ट आहेत. परेश रावळ यांचा तेजा गुरगुरतो, शहजाद खान यांचा भल्ला शेजारी उभा असतो, आणि रॉबर्टच्या हातून दर वेळी काहीतरी बिनसते. मग त्याचे ठरलेले शब्द येतात, ‘गलती से मिस्टेक’. आमच्या महाविद्यालयात ट्युटोरियल राहिले, फी भरायची तारीख चुकली, चुकीच्या वर्गात शिरले, की हे शब्द निघतातच. अगदी मुलींच्याही तोंडी आहेत.

हा विनोद द्विरुक्तीचा आहे, असे मराठीच्या तासाला शिकलेला कोणीही सांगेल. पिवळा पीतांबर, गाईचे गोमूत्र, त्यातलाच प्रकार. पण मला त्यात आणखी एक दिसते. जो माणूस आपल्या एका शब्दावर विसंबत नाही, तो एकच गोष्ट दोन भाषांत सांगतो. ‘गलती’ म्हटले, साहेबाला पुरेसे वाटले नाही तर? म्हणून वर ‘मिस्टेक’. इंग्रजी शब्द लावला की माफी जरा वजनदार होते, असे त्याला वाटते. मला हे नीट कळते, कारण पहिल्या वर्षी प्रवेशाच्या वेळी खिडकीपलीकडच्या माणसाला मीही म्हणालो होतो, ‘‘सर, फॉर्म रिटर्न परत द्या ना.’’ मागच्या रांगेत हशा पिकला. मी त्या वेळी काय चुकलो, हे मला रात्री झोपताना समजले.

आता ही दोन वाक्ये शेजारी शेजारी ठेवून पाहा. एक १९७५ चे, एक १९९४ चे. एक मरणाच्या प्रसंगातले, दुसरे धमाल विनोदातले. मधल्या एकोणीस वर्षांत या नटाने कितीतरी कामे केली, पण लोकांनी त्याच्याजवळून उचलून घेतली ती ही दोन वाक्ये, आणि दोन्ही मालकापुढे उभ्या असलेल्या माणसाची आहेत. एक चाकरीची आठवण देते, दुसरे चूक कबूल करते. मला वाटते, हा योगायोग नसावा. कोणाचा ना कोणाचा धाक आपल्याकडे प्रत्येकाच्या वाट्याला आलेला असतो. त्या धाकापुढे तोंडातून जे निघते, ते या माणसाने इतके खरे म्हटले, की ते आपलेसे वाटले. आणि आपलेसे वाटले तरी ते आपले आहे हे कबूल करायला लाज वाटते, म्हणून आपण ते हसत म्हणतो.

इथे थोडे घरचे सांगतो. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, सालगडी आहेत. पाडव्याला साल ठरते, उचल मिळते, ती वर्षभर फेडायची, पुन्हा पाडवा. मी नऊ वर्षांचा असताना एका रात्री विजेच्या कमी-जास्त दाबाने विहिरीवरची मोटार जळाली. सकाळी अण्णा मालकांच्या ओट्यापुढे उभे होते आणि मी त्यांच्या मागे. वीज काही अण्णांनी बनवलेली नव्हती. तरी ते म्हणाले, ‘‘चूक झाली मालक. पुन्हा न्हाई व्हायची.’’ आणि मग म्हणाले, ‘‘इतकी वर्सं तुमच्या घरचं खाल्लंय.’’ मालक काही गब्बर नव्हते. थोडे बोलले आणि विषय संपला. पण ‘शोले’ या वेळी पाहताना कालियाच्या त्या वाक्यापाशी मी मोबाइल थांबवला, आणि बराच वेळ पुढे सरकवला नाही.

असो. लेख विजू खोटे यांच्यावर आहे, माझ्यावर नव्हे.

दूरदर्शनवरचे त्यांचे गाजलेले काम ‘जबान सँभालके’ या मालिकेतले. १९९३ साली ती मेट्रो वाहिनीवर सुरू झाली. मूळ कल्पना विलायतेतल्या १९७७ च्या ‘माइंड युवर लँग्वेज’ची. तिथे देशोदेशीची मोठी माणसे इंग्रजी शिकायला वर्गात येतात, इथे निरनिराळ्या प्रांतांतली माणसे हिंदी शिकायला येतात. पंकज कपूर शिक्षक, टॉम आल्टर गोरा साहेब, शुभा खोटे संस्थेच्या प्रमुख, आणि विजू खोटे मराठी माणूस, नाव विठ्ठल बापूराव पोटे. सख्खी बहीण वर्गाबाहेर अधिकाराच्या खुर्चीत आणि भाऊ बाकावर!

ही मालिका मी हल्ली मोबाइलवर पाहिली. खरे सांगायचे तर पहिले काही भाग मला हसू येण्याऐवजी संकोच वाटला. मोठमोठी माणसे बाकांवर बसली आहेत, चुकीचे बोलत आहेत आणि त्या चुकांवर आपण हसायचे आहे. मद्राशी असाच बोलतो, पंजाबी असाच, मराठी असाच, हे ठोकळे आहेत. मूळ इंग्रजी मालिकेवरही परक्यांची अशी ठोकळेबाज थट्टा करते म्हणून टीका झाली होतीच. जो प्रत्यक्ष वर्गात ‘पानी’ आणि ‘व्हतं’ म्हणून हशा ऐकून आला आहे, त्याला असला विनोद सहजासहजी पचत नाही.

तरीही पोटेंवर मला राग धरता आला नाही. कारण असे, की बाकावरचा हा माणूस स्वतःला हास्यास्पद समजत नाही. चुकीचे उत्तर देताना त्याचा चेहरा बरोबर उत्तर देणाऱ्याचा असतो. प्रेक्षकाकडे डोळा मारून ‘बघा, मी कसा खुळा’ असे तो सांगत नाही. ठोकळा लेखकाने दिला, पण त्याच्या आत बसलेला माणूस नटाने स्वतः आणून बसवला. विनोदी नट दोन प्रकारचे असतात, असे मला वाटू लागले आहे. एक, पात्राच्या बाहेर उभा राहून पात्राला हसणारा. आणि दुसरा, पात्राच्या आत राहून आपल्याला हसू देणारा. पहिल्याला टाळ्या लवकर मिळतात. दुसऱ्याचे नाव वर्गात कोणाला आठवत नाही.

मराठीत त्यांची अनेक कामे आहेत, पण एकाचा उल्लेख करतो. १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’ आपल्यापैकी कोणी पाहिला नसेल, तर त्याने हा अंक बाजूला ठेवून आधी तो पाहावा! त्यातला बळी विजू खोट्यांचा. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सचिन, सुशांत रे, शिवाय सुधीर जोशी, एवढ्या गर्दीत कोणाला श्वास घ्यायला जागा मिळणे कठीण. तिथेही बळी लक्षात राहतो. या चित्रपटाचे दिग्दर्शक सचिन हेच ‘शोले’तला कोवळा अहमद होते. तिथे अहमदही गब्बरच्याच हातून गेला आणि कालियाही. तेरा वर्षांनी दोघे मराठीत एकत्र आले ते लोकांना पोट धरून हसवायला, ही गंमत मला फार आवडते. अगदी उतारवयात, २०१६ च्या ‘व्हेंटिलेटर’मध्येही, मोठ्या गोतावळ्यातला एक म्हणून ते भेटतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. लहान आणि विनोदी भूमिकेबद्दल आपल्या मनात एक समज आहे, की ती करायला काही लागत नाही. तसा माणूस मिळाला की झाले. विजू खोटे यांचे उदाहरण या समजाच्या अगदी उलट आहे. मुंबईच्या नामांकित कलावंत घराण्यातला माणूस. त्याला कोणाच्या ओट्यापुढे टॉवेल हातात धरून उभे राहावे लागले असेल, असे वाटत नाही. तरी कालिया त्याने उभा केला. म्हणजे ते त्याच्या अंगात ‘तयार’ नव्हते, त्याने ते पाहून, समजून केले. याच समजाची दुसरी बाजू अधिक वाईट आहे. एखाद्याने लहान भूमिका फार खरी केली, की लोक म्हणतात तो तसाच आहे. आपल्या तमाशापटांतले गणपत पाटील आठवावेत. नाच्याचे काम त्यांनी असे वठवले, की दुसऱ्या कामासाठी त्यांच्याकडे पाहायलाच कोणी तयार होईना, आणि पडद्याबाहेरही लोक त्यांना नाच्याच समजत राहिले. २००८ साली ते गेले. उत्तम अभिनय केल्याची अशी शिक्षा नायकाला होत नाही. नायक चित्रपटात डॉक्टर झाला म्हणून कोणी त्याला नाडी दाखवायला जात नाही.

कोणी म्हणेल, काळ बदलला आहे. अशोक सराफांना ‘महाराष्ट्र भूषण’ मिळाला, २०२५ मध्ये ‘पद्मश्री’ मिळाली, विनोदाला मान मिळाला. मलाही त्याचा आनंद झाला. पण ते विनोदाचे नायक आहेत. मी म्हणतो आहे ते ओळीत तिसऱ्या उभ्या असलेल्या माणसाबद्दल.

आणि ही ओळ फक्त चित्रपटात नसते. गेल्या वर्षी मी एका एकांकिकेत काम केले. पात्रनिवडीच्या वेळी गावाकडून येणाऱ्या आम्हा तिघांना उभे करून विचारण्यात आले, ‘‘गडी कोण करतो?’’ वकील कोण करतो, प्रेमात पडलेला तरुण कोण करतो, हे आम्हाला विचारलेच नाही. माझी निवड झाली तेव्हा सांगण्यात आले, ‘‘तुला काय, काहीच करायचं नाही. घरी बोलतोस तसं बोल. भाषा तयारच आहे तुझी.’’ हे कौतुकाने म्हटले होते आणि मीही कौतुक म्हणूनच घेतले. माझी चार वाक्ये होती. ‘‘मालक’’ एवढे म्हणताच सभागृहात हशा. मला तो हशा आवडला, हे लपवत नाही. दुसऱ्या प्रयोगाला मी खांद्यावरचा टॉवेल उगाच फटकारून झाडला, त्यावर आणखी मोठा हशा आला. तिसऱ्याला दोनदा झाडला.

तिसरा प्रयोग स्नेहसंमेलनात झाला आणि तो पाहायला अण्णा आले होते. मालकांकडून अर्धा दिवस सुटी घेऊन, धुतलेले कपडे घालून, शेवटच्या रांगेत बसले होते. मी विंगेतून पाहत होतो. सगळे हसत होते, ते हसत नव्हते. रागावलेलेही दिसत नव्हते. शेतात पाण्याचा पाट कुठे फुटला आहे ते पाहावे, तसे पाहत होते.

परतीच्या एस.टी.त ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘तांब्या असा धरत न्हाईत रं, पानी देताना. खालून दुसरा हात लागतो.’’ थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘आन् मालकाम्होरं टॉवेल खांद्यावर ऱ्हात न्हाई. हातात येतो. आपसूक येतो.’’

घरी मी बोलतो तसेच तर बोललो होतो! भाषा तयार होती, हे खरे. पण जो माणूस मी रोज घरात पाहतो, त्याला मी रंगमंचावर नीट आणले नव्हते. मी त्याच्या बाहेर उभा राहून टॉवेल झाडत होतो. मोटार जळाली त्या सकाळी अण्णांच्या हातात टॉवेल होता, हे मला एस.टी.त आठवले, आणि प्रयोगात कसे आठवले नाही, याचे अजून नवल वाटते.

या दिवाळीत मी अण्णांना मोबाइलवर ‘शोले’तला तो प्रसंग दाखवला. कॅसेटवर त्यांनी तो शेकडो वेळा ऐकलेला, शब्द न् शब्द पाठ. आवाज बंद करून पाहा, असे मी त्यांना म्हणालो. त्यांनी तसा पाहिला. तिघे पडल्यावर मोबाइल माझ्या हातात देत म्हणाले, ‘‘गावात लई माजला हुता, तवाच मला वाटलं.’’ मग विचारले, ‘‘कोन हाय ह्यो?’’ मी नाव सांगितले. खोटे आडनाव ऐकून त्यांना हसू आले.

यंदाच्या एकांकिकेसाठी पुढच्या आठवड्यात पात्रनिवड आहे. नोटीस बोर्डावर पात्रांची नावे लागली आहेत आणि त्यात गडी आहेच. मी माझे नाव मालकाच्या भूमिकेसमोर लिहून आलो आहे. अण्णांना सांगितले, तर ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘‘मालक आवाज चढवत न्हाई, ध्यानात ठेव. त्याला चढवाय लागत न्हाई.’’

(द्वितीय वर्ष, कला)